पाण्याबाहेरचा मासा

आश्विन लागला कीं महाराष्ट्रांत दोन हंगाम एकदम सुरू होतात. पहिला वाङ्मयाचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून शरद ऋतु हा मराठी लेखणीच्या सुगीचा काळ होऊन बसला आहे. दुसरा हंगाम नदीचा. भाद्रपदांतला पूर ओसरतो, गढूळ पाणी निवळूं लागतें, कांठचा चिखल पाय ठेवण्याजोगा होतो, आणि गळ घेऊन माणसें पाण्याकडे जाऊं लागतात. हे दोन्ही हंगाम एकाच महिन्यांत येतात, पण त्यांची एकमेकांशीं गांठ म्हणून पडत नाहीं. कथा, प्रवासवर्णनें, चरित्रें, विनोद, पाककृति यांनीं आमचे अंक भरून वाहतात. परंतु एक सबंध दिवस गळ टाकून नदीकांठीं बसलेल्या माणसानें काय पाहिलें, हें त्यांत शोधूं जाणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. ही उणीव वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. ती तशी नाहीं, तिच्यांत आमच्या साहित्यदृष्टीचाच एक जुना दोष दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

विवेचन अधांतरीं राहूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवूं. नाशिक जिल्ह्यांतील कळवण तालुका हा सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर वसलेला, सप्तशृंगीच्या गडाखालचा मुलूख आहे. सह्याद्रींत उगम पावलेली गिरणा ह्या तालुक्यांतून पूर्वेकडे वाहते आणि पुनद तिला येथेंच येऊन मिळते. अभोण्याजवळ चणकापूर येथें, विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत, ब्रिटिश अमदानींत गिरणेला बांध घालून मोठा जलाशय करण्यांत आला. पुनदेवर पुढें स्वराज्यांत अर्जुनसागर झाला. पावसाळ्याच्या अखेरीस हे तलाव तुडुंब भरतात तेव्हां कडेचीं गवताळ कुरणें पाण्याखालीं जातात, आणि आश्विन-कार्तिकांत त्या उथळ, उन्हानें कोमट झालेल्या कडेला शेवाळ, लव्हाळीं व पाणकणीस यांचें एक दाट रान पाण्यांतच उभें राहतें. नदीच्या डोहांच्या कडाही ह्या दिवसांत अशाच हिरव्या होतात.

ह्या पाणरानांतला वाघ म्हणजे मरळ. लांबट, गोल अंगाचा, सापासारख्या डोक्याचा हा मासा भक्ष्याच्या मागें धांवत नाहीं; शेवाळाच्या एखाद्या फटींत निश्चल राहून तो वाट पाहतो आणि बेडूक किंवा लहान मासोळी टप्प्यांत आली कीं एका झेपेंत तिला गिळतो. त्याला हुडकण्याची एकच खूण आहे. कल्ल्यांनीं घेतलेला श्वास ह्या माशास पुरत नाहीं. थोड्या थोड्या वेळानें वर येऊन त्याला हवेचा घोट घ्यावा लागतो. तेवढ्यापुरतें पाण्यावर एक लहानसें वलय उठतें आणि विरून जातें. जाणता मनुष्य त्या वलयावर नजर ठेवतो, दोन वलयांमधलें अंतर मनाशीं मोजतो, आणि मग गळाला लावलेला बेडूक शेवाळावरून हलके हलके नाचवीत त्या फटीपर्यंत नेतो. पुष्कळदां कांहींच घडत नाहीं. ह्याच मरळीची दुसरी एक रीत आहे. पावसाळ्यांत अंडीं घातल्यावर नर व मादी दोघेंही त्यांवर पहारा देतात. पिलें बाहेर पडलीं म्हणजे त्यांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठाशीं हिंडत असतो आणि आईबाप त्याच्या खालून फिरत त्याचें रक्षण करीत असतात. अशा वेळीं त्यांना पकडणें अगदीं सोपें. कारण पिलांच्या जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तीं तुटून पडतात. पण पालक गेले कीं थवा इतर माशांच्या तोंडीं जातो. म्हणून शरदांतली मासेमारी आणि श्रावणांतली मासेमारी ह्यांत जाणत्याच्या दृष्टीनें न्याय-अन्यायाइतकें अंतर आहे. ह्या एका माशाच्या ठिकाणीं ऋतुज्ञान, धैर्य, फजिती, वात्सल्य आणि नीति एवढीं सगळीं एकत्र आलीं आहेत. कोणत्याही साहित्यास पुरून उरेल असा हा विषय आहे. मग मराठी साहित्यानें माशाचें केलें तरी काय?

मासा आमच्या वाङ्मयांत नाहीं असें मुळींच नाहीं. तो जागोजाग आहे. संतवाङ्मय उघडावें तर मासा दोन रूपांनीं भेटतो. एक, आमिषाला भुलून गळाला लागलेला. हा विषयलोलुप जीवाचा दृष्टांत. दुसरा, पाण्यावेगळा होऊन तडफडणारा. ही भक्ताच्या विरहाची उपमा. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताचे जे चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांतही मीन आहे, आणि एकनाथमहाराजांनीं १५७३ सालीं काशीस पुऱ्या केलेल्या आपल्या भागवतटीकेंतून तो मराठी घरोघरीं पोंचला आहे. माशास गुरुपद देणें ही केवढी थोर कल्पना! परंतु ह्या गुरूनें शिकविलें काय, तर जिभेच्या लौल्यानें प्राण जातो एवढेंच. म्हणजे तो स्वतः मरून शिकवितो. त्याच्या जगण्यापासून घ्यावा असा धडा कोणी विचारलेला नाहीं. मत्स्यावतारांत मासा पाण्यांत आहे खरा, पण तेथें तो मासा नाहीं, प्रत्यक्ष ईश्वर आहे. ह्या दृष्टांतांची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. संतांना जें सांगावयाचें होतें तें त्यांनीं सांगितलें, आणि त्यासाठीं जवळची, सर्वांच्या अनुभवाची वस्तु घेतली. प्रश्न आहे तो त्यांच्या मागून आलेल्या आम्हां लेखकांचा. दृष्टांतासाठीं घेतलेल्या वस्तूकडे दृष्टांत संपल्यावर पुन्हां एकदां नुसतें पाहावें, असें आम्हांस सुचलें नाहीं.

संस्कृत नाट्याची परंपरा पाहिली तरी हाच अनुभव येतो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभीं एक धीवर येतो. रोहित मासा चिरतांना त्याच्या पोटांत राजाची मुद्रिका सांपडली, म्हणून राजपुरुष त्याला चोर ठरवून बांधून आणतात, त्याच्या धंद्याची टवाळी करतात, आणि तो बिचारा आपल्या वंशपरंपरागत वृत्तीचें समर्थन करतो. किती सजीव, किती खरें माणूस! परंतु अंगठी राजाच्या हातीं गेली कीं धीवर बक्षीस घेऊन जो जातो तो जातोच. नाटकाला त्याची पुढें गरज उरत नाहीं. माशाची तर कथाच निराळी. शक्रावतारच्या त्या पाण्यांत तो कसा राहत होता हें कोण विचारणार? तो मुद्रिकेची पेटी म्हणून आला आणि पेटी उघडल्यावर टाकून दिला गेला. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं शाकुंतल संगीतांत आणून मराठी रसिकांस वेड लाविलें, तेव्हांपासून दुष्यंताचा पश्चात्ताप आमच्या घराघरांत गाइला गेला. त्या पश्चात्तापास कारण झालेल्या धीवराचें नांवही कोणास पुसावेंसें वाटलें नाहीं. सारांश, दृष्टांत असो, आख्यान असो कीं ताटांतला पदार्थ असो, आमच्या साहित्यांतला मासा बहुधा पाण्याबाहेर काढलेला असतो. जळांत वावरणाऱ्या माशाचें वर्णन करावें ही दृष्टि आम्ही कमावलीच नाहीं.

आमच्या परंपरेंत ती कधींच नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. मराठीच्या इतिहासकारांस तो चांगला परिचित आहे. कारण त्यांतील गीतविनोदांत निरनिराळ्या देशभाषांचे नमुने देतांना ज्या ओळी आल्या आहेत, त्यांत मराठीच्या अतिप्राचीन पद्याचा मासला सांपडतो. त्या ओळी दशावतारांच्या स्तुतीच्या आहेत, आणि त्यांत मत्स्यरूप धारण करून वेद परत आणणाऱ्या नारायणाचा गौरव आहे. म्हणजे मराठी कवितेच्या अगदीं पहाटेच्या प्रकाशांत मासा चमकून गेला आहे. पण ग्रंथाच्या त्याच विनोदविंशतींत मत्स्यविनोद नांवाचा एक अध्याय आहे, त्याकडे आमच्या वाङ्मयेतिहासाचें लक्ष क्वचितच जातें. त्यांत तीसाहून अधिक जातींचे मासे सांगितले आहेत. कोणते समुद्रांतले, कोणते नदींतले, कोणते खवल्यांचे, कोणते बिनखवल्यांचे हें नमूद आहे. कोणास कसलें खाद्य घालून एका जागीं रुळवावें, दोरी कशाची वळावी, काठी कशी घ्यावी, गळ कसा असावा, हें सर्व एका राजानें बारकाईनें लिहून ठेविलें आहे. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं त्यावर स्वतंत्र निबंध लिहून शास्त्रज्ञांना त्याची ओळख करून दिली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें १९२५ पासून हा ग्रंथ छापून काढला, म्हणजे तो अभ्यासकांच्या हातीं येऊनही आतां शंभर वर्षें झालीं. ह्याच पुस्तकांतून मराठीनें आपल्या प्राचीनत्वाचा दाखला उचलला, आणि शेजारचा जिवंत मासा तेथेंच ठेविला. आमच्या रुचीचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण!

असें कां झालें? पहिलें उत्तर सहज सुचतें, तें अहिंसेचें. लिहिणारा व वाचणारा वर्ग पुष्कळ अंशीं शाकाहारी. जी वस्तु घरांत शिजत नाहीं तिची गोडी त्याला कशी लागावी? हें उत्तर अर्धवट आहे. वाघांच्या आणि बिबळ्यांच्या शिकारीच्या कथा ह्याच घरांत मिटक्या मारीत वाचल्या जातात, आणि वाघ तर कोणाच्याच घरीं शिजत नाहीं. दुसरें उत्तर अधिक खरें आहे. ज्याच्या हातीं गळ होता त्याच्या हातीं लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हातीं लेखणी होती त्याला गळवाल्याच्या शेजारीं बसण्यांत कमीपणा वाटत होता. कळवणच्या गिरणाकांठीं पाण्याचें ज्ञान ज्या कोकणा, भिल्ल, महादेव कोळी आदि लोकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आलें, त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याची आमच्या लेखकांस फारशी निकड वाटली नाहीं. आणि तिसरें कारण आमच्या गद्याच्या स्वभावांतच आहे. आमच्या गद्यास तात्पर्य लागतें. वाघाच्या शिकारींत आरंभ, संकट, बार आणि शेवट असा सगळा जामानिमा तयार असतो. गळ टाकून बसण्यांत शेवट बहुधा रिकामाच. सहा तास बसलों, चार वलयें दिसलीं, एक झेप हुकली, ऊन कलतांच घरीं परतलों. ह्याचें तात्पर्य काय सांगावें? जेथें तात्पर्य नाहीं तेथें लिहिण्यासारखें कांहीं नाहीं, असा आमचा ग्रह होऊन बसला आहे; आणि त्यामुळें वाट पाहण्याचें गद्य मराठींत फार थोडें लिहिलें गेलें.

ज्या भाषांनीं तें लिहिलें त्यांना काय मिळालें, हें पाहण्याजोगें आहे. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन ह्या सामान्य व्यापाऱ्यानें १६५३ सालीं गळाच्या कलेवर एक संवादरूप पुस्तक लिहिलें. देशांत यादवी होऊन राजाचा शिरच्छेद झाल्याला चार वर्षें झालीं होतीं. अशा वेळीं दोन माणसें ओढ्याकांठीं चालत माशांविषयीं बोलतात, एवढाच त्याचा विषय. पण त्या पुस्तकानें इंग्रजी गद्यास एक निवांत, बोलता सूर दिला आणि तें आजही वाचलें जातें. उत्तर अमेरिकेंतील सेंट लॉरेन्ससारख्या विशाल नद्यांत आणि शेवाळानें भरलेल्या सरोवरांत मस्केलंज नांवाचा एक मोठा शिकारी मासा आहे. तो आमच्या मरळीसारखाच पाणगवतांत दबा धरून बसतो. तेथील शरदांत पाणी थंड होऊं लागलें, शेवाळ मरूं लागलें, कीं हिवाळ्यापूर्वीं तो भरपूर खाऊन घेतो. म्हणून त्या ऋतूंत माणसें होड्या घेऊन दिवसच्या दिवस त्याच्यासाठीं घालवितात. दहा हजार वेळां गळ फेकावा तेव्हां एकदां लागणारा मासा, अशी त्याची ख्याति आहे. अर्थात्‌ ह्या सफरींच्या कहाण्या बहुतेक रिकाम्या हातांनीं परतण्याच्या कहाण्या असतात, आणि तरीही त्या आवडीनें सांगितल्या व ऐकल्या जातात. कारण मासा न मिळाल्यामुळें सांगणाऱ्यास पाण्याविषयीं, धुक्याविषयीं, सोबत्याविषयीं आणि स्वतःविषयीं बोलणें भाग पडतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मस्केलंज हें नांव तेथील मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेंतून आलेलें आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं त्या लोकांची जमीन घेतली, पण माशाचें नांव त्यांना त्यांचेंच ठेवावें लागलें.

आमच्या देशाविषयीं परकीयांनीं केलेलें असें लेखन आदर्श म्हणून डोक्यावर घ्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, आणि तो निरीक्षणानें समृद्ध आहे. परंतु त्या काळच्या साहेबांच्या लेखनांत आमच्या नद्या बहुधा साहेबाच्या रजेसाठींच वाहत असतात. कांठावरचा एतद्देशीय मनुष्य एक तर सामान वाहणारा असतो, नाहीं तर जाळें लावून साहेबाचा मासा पळविणारा. जिम कॉर्बेट हा त्यांतला मोठा अपवाद. १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकांत वाघांच्या कथांच्या गर्दींत स्वप्नांतल्या एका माशावरचें, महसीरवरचें, एक प्रकरण आहे. मराठी वाचकानें त्या पुस्तकांतले वाघ तेवढे आपलेसे केले. मासा मात्र पानें उलटतांना निसटून गेला.

ह्या उपेक्षेची किंमत भाषेला कशी द्यावी लागते, हें नांवांच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारच्या सेवेंत दख्खनची पाहणी करणारा अधिकारी. त्यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. नव्या जातींना शास्त्रीय नांवें देतांना त्यानें एक चांगली गोष्ट केली: आपल्या कोळ्यांच्या तोंडचीं नांवेंच लॅटिनच्या सांच्यांत बसविलीं. त्यामुळें आज जगांतल्या कोणत्याही प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत खुद्री, शिंगाळा, कोळस, घोगरा, टाकरी, इचकी हे शब्द थोड्याफार वांकड्या वर्णांनीं छापलेले आढळतात. परदेशांतला विद्वान्‌ तीं नांवें नित्य उच्चारतो. मराठी कथा-कादंबऱ्यांत मात्र नदींत 'मासे' असतात, फार तर 'मोठे मासे' आणि 'लहान मासे'. मोल्स्वर्थच्या कोशांत माशांचीं नांवें पुष्कळ आहेत, पण अनेकांच्या पुढें अर्थ म्हणून 'एका जातीचा मासा' अशा थाटाचा मोघम खुलासा तेवढा दिसतो. कोशकारास दोष देण्याचें कारण नाहीं. कोश शब्द गोळा करतो. शब्दांत प्राण भरण्याचें काम साहित्याचें असतें. ज्या शब्दाभोंवतीं गोष्ट नाहीं, वर्णन नाहीं, भांडण नाहीं, थट्टा नाहीं, तो शब्द कोशांत असूनही भाषेंत नसतो.

ह्या चित्राची दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं वनखात्याच्या नोकरींत विदर्भांतील रानें व नवेगावबांधचा तलाव पाहिला, तेथल्या लोकांकडून पाखरांचीं, झाडांचीं, माशांचीं नांवें व रीति श्रद्धेनें टिपून घेतल्या, आणि मराठीस एक नवी शब्दसंपत्ति दिली. त्यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' ह्या पुस्तकाचें मोल आम्हांस फार वाटतें. कारण तेथें लेखक हा शिष्य आहे आणि कांठावरचा मनुष्य हा गुरु. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखणींतही प्राण्याकडे प्राणी म्हणून पाहण्याची तीच शुद्ध नजर आहे. परंतु चितमपल्लींचें लक्ष मुख्यतः रान व पाखरें यांवर होतें, आणि दोन-चार थोर लेखकांनीं एक वाट चालून दाखविली म्हणून ती रुळली असें होत नाहीं. गिरणा, मोसम, आरम, पांझरा ह्या नद्यांच्या कांठीं तशी वाट अजून पडावयाची आहे.

आतां एका आक्षेपाचा विचार केल्याविना पुढें जातां येणार नाहीं, आणि तो सुज्ञ वाचकांच्या मनांत आरंभापासूनच असेल. विरंगुळ्यासाठीं जीव घेणें, किंवा गळाची जखम करून त्यास पुन्हां पाण्यांत सोडणें, ह्याचें कौतुक साहित्यानें कां करावें? आक्षेप खरा आहे, आणि गळावर लिहिणाऱ्यानें तो टाळतां कामा नये. पोटासाठीं मासा मारणाऱ्याचें आणि हौसेसाठीं मारणाऱ्याचें माप एक नाहीं, हें त्यानें मान्य केलेंच पाहिजे. परंतु न पाहण्यानें अहिंसा साधते, हा समज मात्र भ्रामक आहे. नदींत सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणें १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानें गुन्हा ठरविलें. सव्वाशें वर्षांपूर्वींच असा कायदा करावा लागला, यावरून ही रीत किती जुनी आहे हें कळतें. एका स्फोटांत डोहांतला लहानमोठा सारा जीव उलटा होऊन वर येतो. ह्या घोर हिंसेविषयीं आमच्या करुण रसानें आजवर किती अश्रु ढाळले? डोळ्यांस दिसत नाहीं त्याचें दुःख होत नाहीं. ज्यानें मरळीचें जोडपें आपल्या तांबूस पिलांच्या थव्याखालीं फिरतांना एकदां पाहिलें आहे, तो श्रावणांत तेथें गळ टाकतांना दहा वेळां विचार करील. ज्याला मरळ म्हणजे नुसता 'एका जातीचा मासा' आहे, त्याला विचार करण्याचें कारणच काय? संयमाचा उगम ज्ञानांत आहे, आणि हें ज्ञान शब्दांतूनच एकाकडून दुसऱ्याकडे जातें.

शिवाय हें काम सावकाशीनें करण्यासारखें राहिलेलें नाहीं. धरणांनीं नदीचा स्वभाव बदलला. वाहत्या पाण्याच्या माशांना थांबलेलें पाणी मानवत नाहीं. तिलापिया हा आफ्रिकेंतला मासा १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला आणि देशांतल्या कितीतरी तलावांत तो मूळच्या माशांना भारी पडला. जलाशयांत आतां रोहू, कटला यांचें बीज सोडून पीक घेतात. त्यांत गैर कांहीं नाहीं, अनेक कुटुंबांची भाकरी त्यावर आहे. पण पिकाच्या माशाला नांव एकच पुरतें आणि भाव एकच पुरतो. जुन्या माशांचीं नांवें आणि त्यांच्या खोडी ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहेत, त्यांच्याबरोबर तीं नाहींशीं होतील. कोजागिरीस कावडकरी दूरदूरच्या नद्यांचें पाणी खांद्यावर वाहून सप्तशृंगीच्या गडावर आणतात. नदीच्या पाण्यास आम्ही इतकें पवित्र मानतों. त्या पाण्यांत कोण राहतें हें जाणून घेणें, हाही त्या भक्तीचाच भाग नव्हे काय?

एका गोष्टीमुळें मात्र आशेस जागा आहे. आजवर गळ आणि लेखणी हीं दोन निराळ्या हातांत होतीं. आतां कळवण, सुरगाणा, बागलाण ह्या तालुक्यांतील ज्या घरांत पाण्याचें ज्ञान आहे, त्याच घरांतलीं मुलें शाळा-महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडत आहेत. दोन्ही वस्तु एका हातांत येण्याचा योग प्रथमच येत आहे. त्यांनीं आमच्यासारखें लिहूं नये. आजोबांनीं वलय कसें ओळखलें, मामानें डोहाच्या कोणत्या कडेला उभें राहावयास सांगितलें, कोणत्या माशास कोणत्या नांवानें हांक मारली जाते आणि त्या नांवावरून घरांत काय थट्टा चालते, हें त्यांनीं त्यांच्याच बोलींतल्या शब्दांसह लिहावें. संपादकांनीं त्या अनोळखी नांवांवर काट मारून तेथें 'मासा' हा गुळगुळीत शब्द बसवूं नये. आणि वाचकांनीं, म्हणजे तुम्हीं-आम्हीं, अशा लेखाच्या शेवटीं तात्पर्य मागूं नये. लेखक रिकाम्या हातांनीं घरीं आला, तरी मासा पाण्यांत होता आणि त्यानें तो तेथें पाहिला, एवढें कळलें म्हणजे आम्हांस पुरे झालें पाहिजे.